एकाच नाकपुडीचे पडसे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षेचे निकाल, शिष्यवृत्त्या आणि संस्थेच्या पुढील योजना यांविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपणांस सविस्तर सांगितले आहे. मी आपला थोडा वेळ एका अगदी साध्या दिसणाऱ्या गोष्टीसाठी घेणार आहे. ती गोष्ट म्हणजे मुलांचे वाहणारे नाक. विषय ऐकून काही जणांना हसू आले असेल. पण प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, की जिचे नाक बाराही महिने चोंदलेले असते. ती तोंड उघडे ठेवून श्वास घेते, गेंगाणी बोलते, रात्री नीट झोप न झाल्यामुळे दुसऱ्या तासालाच पेंगू लागते. सोबती तिला ‘शेंबडी’ म्हणतात. शिक्षक ‘लक्ष नाही’ असा शेरा देतात. घरी सांगितले जाते, की हिची प्रकृतीच सर्दीची आहे. अशी दोन-तीन वर्षे निघून जातात. यांतील बहुतेक मुलांचा आजार साधाच असतो. परंतु एखाद्या मुलाच्या नाकामागे, गालाच्या हाडातील पोकळीत, एखादा दुर्मिळ विकार दडलेला असतो आणि तो पडशाच्या नावाखाली वाढत राहतो. त्या एका मुलासाठी हे भाषण आहे.

मी डॉक्टर नाही, बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे. निदान करणे हे माझे काम नव्हे आणि आपलेही नव्हे. पण मुलाला डॉक्टरकडे केव्हा न्यायचे आणि तेथे काय सांगायचे, हे पालकांनाच ठरवावे लागते. दिवसाचे पाच-सहा तास मूल शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असते. म्हणून या दोघांना थोडी माहिती असणे जरूर आहे.

निदानाची ही परंपरा आपल्याला परकी नाही. इराणातील रै या शहरी जन्मलेले अबू बक्र अल-राझी हे नवव्या-दहाव्या शतकातील थोर हकीम. अंगावर पुरळ आणणारे देवी आणि गोवर हे दोन आजार सामान्य माणसाला सारखेच दिसतात. राझींनी त्या दोहोंतील फरक लक्षणांवरून पद्धतशीर लिहून ठेवला. वसंत ऋतूत गुलाब फुलले, की अबू झैद अल-बल्खी या विद्वानांना पडसे का होते, यावरही त्यांनी एक छोटे पुस्तक लिहिले होते. सारख्या दिसणाऱ्या दोन आजारांतील भेद पाहणे, यालाच निदान म्हणतात. पडशाच्या बाबतीत आपल्याला तेच करावयाचे आहे.

गालातील पोकळी

प्रथम शरीराची रचना पाहू. नाकाच्या आसपासच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या चार जोड्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठी जोडी दोन्ही गालांच्या हाडांत, डोळ्यांच्या खाली आणि वरच्या दाढांच्या वर असते. हिलाच मॅक्सिलरी सायनस म्हणतात. लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिचे चित्र काढले होते. पुढे १६५१ साली नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने तिचे सविस्तर वर्णन केले. त्याच्या एका स्त्री-रुग्णाचा वरचा दात काढल्यावर तेथे भोक राहिले. तिने त्यात पिसाची काडी घालून पाहिली, तर ती आत खूप लांबवर गेली आणि बाई घाबरून गेली. ही पोकळी निसर्गतःच सर्वांना असते, असे हायमोरने तिला समजावले. दाढा आणि ही पोकळी किती जवळजवळ आहेत, हे या हकिकतीवरून ध्यानात यावे.

जन्माच्या वेळी ही पोकळी अगदी लहान असते. मूल वाढते आणि पक्के दात येऊ लागतात, तशी ती खाली खाली वाढत जाते. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचा तळ नाकाच्या तळाच्या पातळीला येतो. म्हणजे शाळेची सारी वर्षे ही तिच्या वाढीची वर्षे असतात.

या पोकळीची एक अडचण आहे. तिचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला, छताजवळ असते. मोरी उतारावर न ठेवता भिंतीवर उंच ठेवावी, तसा हा प्रकार. मग आतला चिकट स्राव बाहेर कसा येतो? पोकळीच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहाहून अधिक वेळा एका तालात हलतात आणि स्राव वर ढकलीत तोंडापर्यंत नेतात. हे तोंड अवघे काही मिलिमीटर रुंद आहे. ते सुजून बंद झाले, बाहेरून कशाने दाबले गेले, किंवा आतले केसच हलेनासे झाले, की स्राव साचतो आणि त्यात जंतू वाढतात. मुलांतील साऱ्या सायनस-विकारांचे मूळ बहुधा या तीन गोष्टींपैकी एकीत सापडते.

नेहमीचे आणि निराळे

लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे होणे ही नेहमीची गोष्ट आहे. दर वेळी ते आठ-दहा दिवसांत ओसरते. त्यासाठी एक्स-रेची गरज नाही आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचीही गरज नाही. पडसे दहा दिवसांनंतरही मुळीच कमी होत नसेल. बरे होता होता पुन्हा ताप आणि स्राव वाढला असेल. किंवा आरंभापासून तीन-चार दिवस कडक ताप आणि पिवळा-हिरवा स्राव असेल, तर सायनसमध्ये जंतूंचा प्रादुर्भाव झाल्याचा संशय घेतात. योग्य औषधाने तोही बहुधा बरा होतो. दोन्ही नाकपुड्या चोंदणे, घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे याचे लहान मुलांत नेहमीचे कारण म्हणजे नाकाच्या मागे असलेल्या ॲडेनॉइड नावाच्या ग्रंथी वाढणे. धुळीची ॲलर्जी हे दुसरे. हे दोन्ही विकार दुर्मिळ नाहीत, आणि त्यांवर उपाय आहेत.

मग निराळे ते कोणते? माझी आपणांस विनंती आहे, की आजच्या भाषणातील दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, पण एक प्रश्न लक्षात ठेवा: नाक एका बाजूचे चोंदते, की दोन्ही बाजूंचे? पडसे आणि ॲलर्जी सहसा दोन्ही बाजूंना असतात. एखाद्या वेळी डावी बाजू बंद, एखाद्या वेळी उजवी. पण महिनोन्महिने तीच एक नाकपुडी बंद असेल, त्याच एका बाजूने घाण वास येणारा स्राव किंवा रक्त येत असेल, तर त्या बाजूला काहीतरी अडले आहे असे समजावे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

हे घरच्या घरी पाहण्याची एक सोपी रीत आहे. स्टीलची थंड ताटली मुलाच्या नाकाखाली आडवी धरावी आणि त्याला तोंड मिटून श्वास सोडू द्यावा. ताटलीवर वाफेचे दोन ठिपके उमटतात. दर वेळी एकच ठिपका उमटत असेल, तर तशी नोंद करून ठेवावी. वुजू करताना मुले नाकात पाणी घेतात आणि नाक स्वच्छ करतात. दिवसातून अनेकदा होणाऱ्या या क्रियेत एका बाजूने नाक मुळीच शिंकरता येत नाही, हे मुलाच्या स्वतःच्याही ध्यानात येते. त्याला कोणी विचारले, तर ते सांगते. आपण विचारीत नाही.

एका बाजूची दुखणी

एका बाजूच्या तक्रारीत पहिला संशय घ्यावयाचा तो नाकात घातलेल्या वस्तूचा. हा प्रकार दुर्मिळ नाही. चिंचोका, शेंगदाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, गादीतील फोम असे काहीही लहान मूल नाकात घालते आणि मार बसेल या भीतीने सांगत नाही. काही दिवसांनी त्या बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो. तो सायनसचा आजार समजून महिनाभर औषधे दिली जातात. घड्याळातील किंवा खेळण्यातील बटणासारखी बॅटरी नाकात गेली असेल, तर मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. ती काही तासांतच नाकाचा पडदा जाळून त्याला भोक पाडू शकते. चिमटा घालून घरी काढण्याचा प्रयत्न करू नये. वस्तू आणखी आत जाते.

दुसरा विकार गालातील पोकळीतच उगवतो. पोकळीच्या अस्तरातून एक मऊ, फुगवट्यासारखा कोंब निघतो, तोंडातून बाहेर पडतो आणि नाकाच्या मागील दारातून घशाकडे लोंबू लागतो. याला अँट्रोकोएनल पॉलिप म्हणतात. याचा उगम गालाच्या पोकळीत असतो, हे जर्मन वैद्य गुस्ताव किलियान यांनी १९०६ साली दाखवून दिले. मोठ्या माणसांत हा क्वचित आढळतो. पण मुलाच्या नाकात एका बाजूला पॉलिप दिसला, तर तो या प्रकारचा असण्याचा संभव बराच असतो. श्वास आत घेण्यापेक्षा सोडताना जास्त अडथळा होतो. कधी कधी आ करून पाहिले, तर पडजिभेच्या मागे करड्या रंगाचा गोळा लोंबताना दिसतो. हा कर्करोग नव्हे. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून तो काढता येतो. मात्र लोंबणारा भाग तोडून गालातील मूळ तसेच ठेवले, तर तो पुन्हा उगवतो. ‘एकदा काढला होता, परत आला’ असे होण्याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरे कारण दातात असते. वरच्या जबड्यातील एखादा पक्का दात बाहेर न येता हाडातच अडकतो आणि त्याच्याभोवती पाण्याची गाठ होते. ती हळूहळू सायनसची जागा व्यापते. गाल सुजतो, पण दुखत नाही. म्हणून मुलाचे दात मोजत जावेत. एका बाजूचा सुळा येऊन वर्ष लोटले आणि दुसऱ्या बाजूचा आलाच नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे. किडलेल्या वरच्या दाढेतूनही पू सायनसमध्ये जाऊ शकतो.

चौथा प्रकार बुरशीचा. हवेतील बुरशीची ॲलर्जी होऊन सायनसमध्ये घट्ट, चिकट द्रव साचतो. पौगंडावस्थेतील मुलामुलींत तो आढळतो, पुष्कळदा एकाच बाजूला सुरू होतो आणि हाड हळूहळू फुगवून डोळा पुढे ढकलतो. याहून निराळी आणि भयंकर अशी काळी बुरशी २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत आपण सर्वांनी ऐकली. ज्या मुलांचा मधुमेह आटोक्यात नाही, किंवा ज्यांच्यावर रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत, अशा मुलांना तिचा धोका असतो. तेथे दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो.

पाचवा प्रकार हाडांचा आणि गाठींचा. फायब्रस डिस्प्लेजिया या विकारात हाडाच्या जागी तंतुमय हाड तयार होते. गाल वर्षानुवर्षे सावकाश वाढतो आणि दुखत नाही. हाही कर्करोग नव्हे. वयात येणाऱ्या मुलग्यांना एका बाजूने वारंवार आणि भरपूर रक्त जात असेल, तर अँजिओफायब्रोमा या रक्तवाहिन्यांच्या गाठीचा विचार करतात. ही नाकाच्या मागच्या भागात उगवते आणि गालातील पोकळीची मागची भिंत पुढे ढकलते. अशा गाठीचा तुकडा घाईने कापला, तर रक्तस्राव आवरत नाही. म्हणून आधी स्कॅन करतात. उन्हाळ्यात घोळणा फुटतो तो निराळा. नाकाची मऊ बाजू चिमटीत धरून, मान पुढे झुकवून दहा मिनिटे बसले, की तो बहुधा थांबतो. त्याने घाबरू नये. शेवटी, अगदी क्वचित, मुलांतही येथे कर्करोग होतो. त्याची खूण म्हणजे वेग. सूज आठवड्या-आठवड्याला वाढते, गाल बधिर होतो, किडलेला नसलेला दात हलू लागतो. यांतील काही कर्करोग वेळेवर उपचार झाल्यास बरे होतात, म्हणूनच वेळेला एवढी किंमत आहे.

दोन्ही बाजूंचे, पण जन्मापासूनचे

आता याच्या उलट प्रकार. काही मुलांना दोन्ही बाजूंचे पडसे जन्मापासून एकही दिवस सुटत नाही. त्याबरोबर ओला खोकला असतो आणि कानही वाहतात. मघाशी मी सायनसमधील सूक्ष्म केसांविषयी सांगितले. काही मुलांत ते केस जन्मतःच नीट हलत नाहीत. अशा मुलांपैकी सुमारे निम्म्यांत हृदय डावीकडे नसून उजवीकडे असते. सायनस, फुप्फुसे आणि उजवीकडील हृदय या त्रयीवर मानेस कार्टागेनर या स्विस वैद्यांनी १९३३ साली लिहिले. दोष केसांच्या रचनेत आहे, हे १९७६ साली स्वीडनचे शास्त्रज्ञ आफ्झेलियस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले.

दुसरा असा विकार म्हणजे सिस्टिक फायब्रोसिस. यात शरीरातील स्राव फार घट्ट होतात. लहान मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप दिसले, वजन वाढत नसले, शौच तेलकट होत असले आणि छातीचे आजार वारंवार होत असले, तर डॉक्टर घामाची तपासणी करतात. अशा मुलाचा घाम नेहमीपेक्षा खारट असतो. मुका घेतल्यावर आईला ते जाणवते. ‘मुलाचे अंग खारट लागते’ हे आईचे बोलणे हसण्यावारी नेऊ नये. या रोगाचा जीन १९८९ साली सापडला.

येथे एक नाजूक गोष्ट बोलावी लागेल. सिस्टिक फायब्रोसिस आणि बहुतेक वेळा केसांचा दोषही मुलाला तेव्हाच होतो, जेव्हा आई आणि वडील या दोघांकडूनही तोच सदोष जीन त्याला मिळतो. दोघेही स्वतः निरोगी असतात. आईवडील एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतील, तर दोघांजवळ एकच सदोष जीन असण्याचा संभव वाढतो. आपल्यात चुलत, मामे, मावस, आते भावंडांची लग्ने होतात. महाराष्ट्रातील अनेक हिंदू समाजांतही मामाची मुलगी करण्याची चाल आहे. अशा लग्नांतील बहुसंख्य मुले निरोगीच असतात. परंतु जन्मजात दोषांचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. आपल्या धर्माने अशा विवाहाला परवानगी दिली आहे. सक्ती केलेली नाही. मला एवढेच सांगायचे आहे, की डॉक्टरांनी ‘तुम्ही दोघे नात्यातले का?’ असे विचारले, तर तो अपमान समजू नये आणि उत्तर लपवू नये. त्या एका उत्तराने निदान लवकर होऊ शकते. घरात असे एक मूल असेल, तर पुढच्या प्रत्येक गर्भाला चारांत एक इतका धोका असतो, हेही आईवडिलांना कळले पाहिजे. यात सुनेचा दोष, तिच्या पायगुणाचा दोष, असे बोलणे हे अज्ञान आहे आणि अन्यायही आहे. सदोष जीन दोन्ही घरांकडून आलेला असतो.

निदानाच्या पायऱ्या

डॉक्टर निदानापर्यंत कसे पोहोचतात, हे ठाऊक असले म्हणजे आपली भीती कमी होते. पहिली पायरी म्हणजे हकिकत: केव्हापासून, कोणत्या बाजूला, वास, रक्त, दुखणे, डोळा, दात. ही माहिती कागदावर लिहून न्यावी. मुलाला रोज सांभाळणारी व्यक्ती, मग ती आई असो की आजी, बरोबर असावी. दवाखान्यात पुरुषमंडळी बोलतात आणि ज्या आईला सारे ठाऊक असते ती बाहेर बाकावर बसते, असे होऊ नये.

दुसरी पायरी म्हणजे तपासणी. नाकात, घशात, कानात पाहणे, दात मोजणे, गाल चाचपणे. त्यानंतर बारीक दुर्बीण नाकातून घालून आत पाहतात. शिकविल्याप्रमाणे वागले, तर मूल सहसा हे सहन करते. घरी ‘सुई टोचतील’ अशी धमकी दिलेली असली, की करीत नाही.

तिसरी पायरी चित्रांची. साधा एक्स-रे डोके मागे झुकवून घेतात. १९१५ सालापासून वॉटर्स यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. पण लहान मुलांत तो फसवा ठरतो. साध्या पडशातही सायनस पांढरा दिसतो. काही मुलांत एका बाजूचा सायनस जन्मतः लहानच राहिलेला असतो. तोही पांढरा दिसतो आणि पू समजून पुन्हा पुन्हा औषधे दिली जातात. हा घोटाळा सी.टी. स्कॅनने सुटतो. या यंत्राने रुग्णाचे पहिले चित्र लंडनमध्ये १९७१ साली घेतले गेले आणि त्याच्या संशोधनाबद्दल हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्कॅनमध्ये हाडे स्पष्ट दिसतात. परंतु त्यात किरणांचा वापर होतो, म्हणून पालकांनी स्वतः होऊन तो मागू नये, आणि डॉक्टरांनी कारण सांगून सांगितल्यास टाळूही नये. आत साचलेला द्रव आहे की मांसल गाठ, हे एम.आर.आय.ने चांगले कळते आणि त्यात तसे किरण नसतात.

चौथी पायरी म्हणजे संशयाप्रमाणे घामाची, रक्ताची, जीनची तपासणी, किंवा गाठीचा तुकडा काढून पाहणे. तुकडा काढल्याने रोग पसरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. योग्य जागी, स्कॅननंतर, तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीबद्दल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. कोणती गाठ आहे हे कळल्यावाचून योग्य उपचार ठरत नाही.

काही लक्षणे मात्र सकाळची वाट पाहू देत नाहीत. पडशात डोळ्याची पापणी लाल होऊन सुजणे, डोळा पुढे येणे किंवा हलविताना दुखणे, एकाची दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह उलट्या, मान ताठणे, गुंगी येणे, नाकात किंवा टाळूवर काळा डाग दिसणे. यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तान्ह्या बाळाचा एक गाल लाल, सुजलेला आणि ताप असला, तरीही तसेच.

आपले कर्तव्य

खर्चाचा प्रश्न मला ठाऊक आहे. मुंबईत जे.जे., के.ई.एम., नायर, सायन, पुण्यात ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. शाळेत हे पथक येते त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, आणि त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजू देऊ नये.

घरातील उपायांविषयी एवढेच, की वाफ देताना उकळत्या पाण्याचे भांडे मुलापुढे ठेवू नये; दरवर्षी मुले त्याने भाजतात. नाकात तेल किंवा पाला पिळून घालू नये. नाक बंद झाले, की दुकानातून आणलेले नाकात घालण्याचे थेंब आठवडेच्या आठवडे वापरू नयेत. त्यांनीच नाक अधिक चोंदते. दुआ अवश्य करावी. पण प्रेषितांनी औषधोपचार घेण्यासही सांगितले आहे, हे विसरू नये. दुआ आणि दवा यांचे आपसात भांडण नाही.

मुलींच्या बाबतीत मला स्पष्ट बोलले पाहिजे. मुलाच्या गालाला सूज आली, तर घर धावपळ करते. मुलीच्या गालाला आली, तर ‘चेहऱ्यावर शस्त्रक्रिया नको, उद्या लग्नाचा प्रश्न येईल’ म्हणून ओढणीआड ती झाकली जाते. आज यांतील बऱ्याच शस्त्रक्रिया नाकपुडीतून किंवा ओठाच्या आतून होतात; चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. उशीर केल्याने मात्र चेहरा खरोखरच बिघडतो, आणि कधी डोळाही जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असे लिहिण्यापूर्वी त्या मुलाचे तोंड सतत उघडे का असते, हे एकदा पाहावे आणि पालकांना बोलावून सांगावे. नाक बंद असले, की कानातही पाणी साचते आणि ऐकू कमी येते. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवावे.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गसोबत्याला ‘शेंबड्या’ म्हणून चिडवू नका. कदाचित त्याच्या गालात असे दुखणे असेल, की ज्याचे नाव त्याला ठाऊक नाही. लहान भावंडाने नाकात काही घातलेले तुम्हांला दिसले, तर मार चुकविण्यासाठी गप्प राहू नका, लगेच सांगा. आणि पालकहो, अशा वेळी सांगणाऱ्याला मारू नका, म्हणजे पुढच्या वेळीही तो सांगेल. तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर किंवा परिचारिका झाले, तर आपल्याच गल्लीतील अशा मुलांना आपल्या भाषेत समजावून सांगणारे माणूस मिळेल. त्यासाठी विज्ञानाचा तास आजपासून मन लावून ऐका.

पालकहो, आपल्या मुलांपैकी बहुतेकांचे पडसे हे पडसेच आहे. आठवड्याभरात ते जाईल आणि आपण ते विसरून जाल. पण आज घरी गेल्यावर प्रत्येक मुलाला जवळ बसवून एकदा विचारा, ‘बाळ, तुझे नाक कोणत्या बाजूला बंद होते?’ दर वेळी ते एकाच बाजूला बोट दाखवीत असेल, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याला तज्ज्ञांकडे न्या.

अल्लाह आपल्या सर्व मुलांना निरोगी ठेवो आणि त्यांना उत्तम तालीम देवो.